वायफाय व्यत्यय

एकाच लहरपट्ट्यात जवळजवळ चालणारी बिनतारी उपकरणे एकमेकांच्या संदेशवहनात जो अडथळा आणतात, त्याला वायफाय व्यत्यय म्हणतात. फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि तरीही व्हिडिओ अडकतो, हे त्याचे नेहमीचे लक्षण. रेंज फक्त संकेताचा जोर सांगते. बोलायला हवा, म्हणजे लहरींची सामायिक वाट, किती वेळ मोकळी मिळते, हे त्यातून कळत नाही. नागपुरात मनीषनगर, बेसा यांसारख्या भागांतल्या दाट फ्लॅट स्कीममध्ये नेटवर्कची यादी उघडली, की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरची रांगच दिसते.

भारतात वायफाय चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा (२४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ) २००५ साली परवानामुक्त झाला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ६०५ मेगाहर्ट्झ इतका भाग खुला झाला. ही मोकळीक सामायिक वापराच्या अटीवर आहे: इतरांना त्रास द्यायचा नाही आणि इतरांपासून संरक्षणही मागायचे नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या राउटरविरुद्ध दाद मागण्यात अर्थ नसतो. मोबाइल कंपन्यांचे पट्टे परवान्याचे असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत फोन मंदावतात तो टॉवरच्या क्षमतेचा प्रश्न, वेगळा.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये १३ चॅनल, म्हणजे पट्ट्यातले क्रमांक दिलेले भाग, आहेत, पण लगतच्या दोन चॅनलमध्ये अंतर अवघे ५ मेगाहर्ट्झचे आणि एका नेटवर्कला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनल साधारण तीनच उरतात: १, ६ आणि ११. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. १ आणि ६ वर गर्दी दिसली म्हणून पुष्कळ जण ३ किंवा ४ निवडतात, आणि त्याने परिस्थिती उलट बिघडते. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि आळीपाळीने बोलतात. प्रत्येक उपकरण आधी ऐकते, हवा मोकळी असेल तरच पाठवते. पोच मिळाली नाही तर मुद्दाम अनिश्चित वेळ थांबून पुन्हा पाठवते. अर्धवट चढलेल्या चॅनलवरचा संकेत मात्र नीट उलगडत नाही, तो निव्वळ गोंगाट ठरतो आणि दोघांचीही पाकिटे, म्हणजे माहितीचे पाठवलेले तुकडे, खराब होतात. शिवाय प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली ओळख प्रसारित करतो, तीही बहुधा सर्वांत संथ वेगाने. वीस राउटर असले, तर कोणी काही पाहत नसतानाही हवेचा बराच वेळ यातच जातो.

महालातल्या जुन्या वाड्यांची गोष्ट निराळी. जाड भिंती बाहेरच्या लहरी अडवतात, पण स्वतःच्या राउटरच्याही मागच्या खोलीपर्यंत पोचू देत नाहीत. मग रिपीटर, म्हणजे संकेत पकडून पुढे पाठवणारे यंत्र, लावला जातो. साधा रिपीटर प्रत्येक पाकीट त्याच चॅनलवर दुसऱ्यांदा पाठवतो, म्हणजे हवा दुप्पट वेळ अडते. तिथे मागच्या खोलीपर्यंत केबल ओढून दुसरा राउटर बसवणे केव्हाही चांगले.

वायफायखेरीज इतर स्रोतही आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्यातून झिरपणारी थोडी ऊर्जाही जवळच्या राउटरला जड जाते. ब्लूटूथ ७९ चॅनलवर सेकंदाला १६०० उड्या मारते आणि गजबजलेले चॅनल टाळू शकते, त्यामुळे त्याचा त्रास कमी. उन्हाळ्यात नागपूरच्या खिडक्यांत बसणारा लोखंडी कूलर स्वतः लहरी सोडत नाही. पण पत्रा त्या परतवतो आणि भिजलेल्या ताट्या शोषून घेतात. राउटर त्याच्या आड असला की संकेत क्षीण होतो आणि शेजाऱ्याचा गोंगाट अधिक बोचतो.

उपाय म्हणून राउटरची शक्ती वाढवणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण स्कीममधल्या प्रत्येकाने तेच केले तर फक्त गोंगाट वाढतो. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केल्यास जवळजवळ निम्मा पट्टा एकटे घर व्यापते. टीव्ही व संगणकाला केबल जोडावी. जवळच्या उपकरणांसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरावे: त्याच्या लहरी भिंतींत लवकर विरतात, म्हणून शेजाऱ्यांचा त्रासही कमी होतो. आणि १, ६, ११ यांची वाटणी वरच्या-खालच्या मजल्यांनी आपसात बोलून केली, तर ती कोणत्याही महाग राउटरपेक्षा जास्त उपयोगी पडते.