चारी चाकांत एकाच वेळी हवा भरणे

कच्च्या वाटेसाठी टायरमधली हवा कमी केलेल्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) गाडीची चारही चाके एकाच कॉम्प्रेसरने, चार फाटे काढलेल्या पाइपातून, एका दमात भरण्याची पद्धत. कोल्हापूरहून थार, गुरखा, जिम्नी किंवा जुनी जिप्सी घेऊन गगनबावडा, आंबा घाट, चंदगडकडे जाणाऱ्यांना ती उपयोगी पडते. वेळ वाचेल म्हणून बहुतेक जण हा संच घेतात. वेळ काही अंशी वाचतोही, पण त्याचा पक्का फायदा दुसराच आहे: चारही चाकांतला दाब आपोआप सारखा होतो.

आधी हवा सोडायचीच कशाला, हा प्रश्न पंक्चरवालाही विचारतो. टायरचा जमिनीवर टेकणारा भाग साधारणपणे वजन भागिले दाब इतका असतो. पावणेदोन टनांच्या गाडीत एका चाकावर सुमारे ४४० किलो भार येतो. ३२ पीएसआयला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाबाला, टेकणारी जागा सुमारे १९५ चौरस सेंटिमीटर होते. १८ पीएसआयला ती ३४५ च्या आसपास जाते. टायरची बाजूची भिंतही थोडा भार पेलते, म्हणून हा हिशेब ढोबळच. ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत जास्त होते. चाक वाळूत रुतत नाही, जांभ्याच्या धारदार खडकावर टायर दबून बसतो आणि हादरेही कमी बसतात. चिखलाचे मात्र एकच उत्तर नाही. घाटमाथ्यावरच्या लाल मुरमाड चिखलात हवा कमी केल्याने फरक पडतो. पंचगंगाकाठच्या काळ्या मातीत, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत, टायरच्या खाचाच मातीने बुजतात आणि १८ काय, १५ काय, गाडी तिथेच घसरत राहते.

वाट संपली की हवा परत भरावीच लागते. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर, आणि रस्ता डांबरी. कमी हवेचा टायर वेगात सतत दबतो, दुमडतो, आतून तापतो. बाजूची भिंत आधी कमजोर होते आणि मग फाटते. वळणावर टायर रिमवरून सुटण्याची भीती वेगळीच.

संचाची रचना साधी आहे. कॉम्प्रेसरकडून येणारा पाइप मीटर आणि हवा सोडण्याचा कॉक असलेल्या तुकड्याला जोडतात. तिथून टी-जॉइंटने दोन फाटे निघतात, एक पुढच्या चाकांकडे, एक मागच्या. प्रत्येकाचे पुन्हा दोन भाग होऊन चार टोकांना व्हॉल्व्हवर चिमट्यासारखी बसणारी क्लिप असते. चाकाला लावलेली नसताना हवा अडवून धरणारी क्लिप घ्यावी, नाहीतर चौथे चाक जोडेपर्यंत पहिल्या तिन्हींची हवा निघून जाते. बाजारात तयार संच मिळतात, पण कोल्हापुरात तो स्वतः जुळवणे अवघड नाही. फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये हवेवर चालणाऱ्या हत्यारांना लागणारा ८ मिलिमीटरचा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप, दाबून बसवायचे जॉइंट आणि क्विक कपलर हेच सामान इथेही लागते. शिवाजी उद्यमनगरसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या गावाला त्याचे अप्रूप नाही.

चारही क्लिपा लावल्या की कॉम्प्रेसर सुरू होण्याआधीच पाइपातून हवेचा हलका सुस्स आवाज ऐकू येतो. जास्त दाबाच्या चाकातली हवा कमी दाबाच्या चाकात जात असते. मिनिट-दोन मिनिटांत आवाज थांबतो आणि मीटरचा काटा एका आकड्यावर स्थिर होतो. तो चारही चाकांचा दाब. मग कॉम्प्रेसर चालू करायचा. हवा वाहत असताना मीटर टायरमधल्या दाबापेक्षा जास्त दाखवतो, कारण पाइपात आणि व्हॉल्व्हच्या बारीक पिनेपाशी अडथळा असतो. काटा ३२ वर गेला म्हणून लगेच क्लिपा काढणारे घरी जाऊन मोजतात तेव्हा २९ निघते. कॉम्प्रेसर बंद करून काटा थांबू द्यावा आणि मगच आकडा वाचावा.

वेगाबद्दल गैरसमज बराच आहे. पाइप चार केले म्हणून कॉम्प्रेसर जास्त हवा देत नाही. २५५/६५ आर १८ मापाच्या टायरमध्ये अंदाजे ६५ लिटर जागा असते. १८ वरून ३२ वर न्यायला दर चाकी बाहेरची साधारण ६० लिटर हवा आत घालावी लागते, चौघांत मिळून २५० च्या आसपास. मिनिटाला ३० लिटर देणाऱ्या छोट्या यंत्राला आठ मिनिटे हवीतच, आणि दाब वाढेल तसे ते मंदावते. चार पाइपांनी वाचतात त्या क्लिप लावण्या-काढण्याच्या, वाकण्या-उठण्याच्या फेऱ्या. कॉम्प्रेसर दमदार असेल तरच खरा वेगही वाढतो, कारण एकाच पिनेतून न मावणारी हवा चार वाटांनी जाते. असे यंत्र ३० अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढते. ते सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावले तर फ्यूज उडणार. बॅटरीला थेट चिमटे लावावेत आणि इंजिन चालू ठेवावे.

सारखा दाब हा गुण काही वेळा दोषही ठरतो. मागे सामान लादलेले असेल तर मागच्या चाकांना दोन-चार पीएसआय जास्त लागतात. त्यासाठी पुढच्या-मागच्या फाट्यांवर वेगळे कॉक हवेत. एखादे चाक पंक्चर असेल तर बाकीची तिन्ही आपली हवा त्याला देत राहतात आणि गळती लपते. म्हणून जोडण्याआधी चारही चाके एकेकटी मोजणे शहाणपणाचे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच आहे. इथे ३२ भरून मालवणला उतरले की त्याच तापमानाला मीटर सुमारे १ पीएसआय कमी दाखवतो, कारण खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो. कोकणातल्या उन्हाने टायर तापला की हा फरक सहसा भरून निघतो, त्यामुळे त्याची चिंता करत बसू नये.

याच कामाची पुढची पायरी म्हणजे चाकाच्या हबमधून, म्हणजे मधल्या फिरत्या भागातून, हवा नेणारी यंत्रणा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून अमेरिकेत बनलेल्या ‘डक’ या जमीन-पाण्यावर चालणाऱ्या ट्रकमध्ये चालक बसल्या जागेवरून टायरचा दाब बदलू शकत असे. वाळूच्या किनाऱ्यावर चढताना कमी, रस्त्यावर जास्त. पुढे ती लष्करी ट्रकांत रुळली. फिरणाऱ्या चाकात हवा नेणारी सीलबंद जोडणी महागडी आणि नाजूक असल्याने खासगी गाड्यांत ती क्वचितच दिसते, आणि तिथे गाडी थांबवून लावायचे हे चार पाइपच चालतात.