किंकाळी, भयजन्य

भयजन्य किंकाळी : अकस्मात जाणवलेल्या धोक्यामुळे माणसाच्या तोंडून बहुधा इच्छेवाचून बाहेर पडणारा उंच पट्टीचा, कर्कश आणि शब्दरहित आवाज. वेदना, संताप व अत्यानंद यांमुळेही किंकाळी फुटते. मात्र प्रस्तुत नोंद भीतीपुरती मर्यादित आहे. तीतील उदाहरणे मुख्यतः चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या जिल्ह्यांतील वनालगतच्या गावांमधील आहेत.

शरीरक्रिया : धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा पेशीपुंज उद्दीपित होतो आणि अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) व मध्यमस्तिष्क या मेंदूच्या भागांमार्फत शरीराला सज्ज करतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाविज्ञाने १९१५ च्या सुमारास विशद केलेल्या ‘लढा किंवा पळा’ या प्रतिक्रियेत हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात आणि श्वास झटक्याने आत ओढला जातो. हाच श्वास ताणलेल्या स्वरतंतूंमधून जोराने बाहेर पडला की किंकाळी उमटते. बोलण्याची आखणी मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात होते. किंकाळीचा मार्ग मात्र मध्यमस्तिष्कातून जातो, तो उत्क्रांतीच्या दृष्टीने जुना असून इतर सस्तन प्राण्यांतही आढळतो. पक्षाघाताने बोलणे गेलेल्या काही रुग्णांच्या तोंडूनही उत्स्फूर्त उद्गार निघतात, त्याचे कारण बहुधा या दोन मार्गांच्या वेगळेपणात असावे.

बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारणपणे १०० ते १३० वेळा व स्त्रीचे सुमारे २०० वेळा कंप पावतात. किंकाळीत ही संख्या कित्येक पटींनी वाढते. तथापि केवळ उंच पट्टी म्हणजे किंकाळी नव्हे, अन्यथा तारसप्तकातील प्रत्येक स्वराने श्रोता दचकला असता. ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, किंकाळीचे वैशिष्ट्य तिच्या ‘खरखरीतपणा’त, म्हणजे आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा वरखाली होण्यात आहे. सामान्य बोलण्यात हा चढउतार सेकंदाला चार-पाच वेळा, म्हणजे शब्दावयवांच्या गतीने होतो. स्वरतंतू मर्यादेपलीकडे ताणले गेले, की त्यांचे कंपन अनियमित होते आणि हा खरखरीतपणा येतो. तो जितका अधिक, तितका आवाज अधिक भयप्रद वाटतो व ऐकणाऱ्याचा अमिग्डाला अधिक उद्दीपित होतो. धोक्याच्या भोंग्यांतही हाच गुण आढळतो.

प्रत्येक भयभीत माणूस ओरडतोच असे नाही. दातखीळ बसणे, बोबडी वळणे, पाचावर धारण बसणे ही अवस्थासुद्धा तितकीच नैसर्गिक असून अनेक प्राणी धोका दिसताच प्रथम निश्चल होतात. शिवाय किंकाळीसाठी धोक्याची जाणीव व्हावी लागते. मण्याराचा दंश पुष्कळदा वेदनारहित असतो. त्यामुळे रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो झाला, तर घरातील कोणालाही चाहूल लागत नाही.

उद्देशाविषयीची मते : माणूस कोणासाठी ओरडतो, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. चार्ल्स डार्विनने १८७२ च्या भावाभिव्यक्तीविषयक ग्रंथात पिलांच्या ओरडण्याची दोन कारणे सुचविली : मातापित्यांना मदतीसाठी बोलावणे आणि जोराच्या श्रमाने मिळणारा आराम. दुसऱ्या मतानुसार किंकाळी मुळात हल्लेखोरासाठीच असते. कानठळ्या बसविणाऱ्या आवाजाने तो क्षणभर बिचकतो व तेवढ्यात निसटता येते. गोरान हॉग्स्टेड याने १९८३ मध्ये पक्ष्यांच्या संदर्भात तिसरी उपपत्ती मांडली. पकडलेल्या भक्ष्याच्या किंकाळीने दुसरा शिकारी आकर्षित होतो आणि दोघांच्या झटापटीत भक्ष्याला सुटण्याची संधी मिळते. दाट झाडोऱ्यात राहणाऱ्या, म्हणजे डोळ्यांना सहजी न दिसणाऱ्या पक्ष्यांना ती बरीच लागू पडते. समूहाने राहणाऱ्या माणसाला लागू करणे मात्र ओढूनताणून वाटते.

चौथे मत स्वकीयांना सावध करण्याचे. रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी व पीटर मार्लर यांनी १९८० मध्ये केनियातील अंबोसेली येथील व्हर्व्हेट माकडांवरील प्रयोगांतून दाखविले की, बिबट्या, गरुड व साप यांच्यासाठी त्यांचे इशारे वेगवेगळे असतात आणि ते ऐकणारी माकडे त्यानुसार झाडावर चढतात, आकाशाकडे पाहतात किंवा जमिनीकडे. माणसाच्या किंकाळीत असा भेद दिसत नाही. ती धोका आहे एवढेच सांगते, कोणता ते नाही. हे काम नंतर शब्द करतात.

या मतांपैकी पहिले आणि चौथे यांची सांगड घालणे अधिक सयुक्तिक दिसते, आणि विदर्भातील वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांचे स्वरूप त्याला पोषक आहे. वाघ सहसा मागून झडप घालतो व मान पकडतो. मोहफुले वेचायला किंवा गवत कापायला वाकलेल्या माणसाला ओरडण्याची उसंतच मिळत नाही. अशा प्रसंगी किंकाळी फुटते ती सोबतच्या बाईची, आणि तिच्यामागून सगळ्या टोळीने केलेल्या ओरड्याने वाघ अनेकदा माघार घेतो. म्हणजे हल्लेखोर बिचकतो हे खरे, पण बहुधा एकाच्या किंकाळीने नव्हे, तर तिने गोळा केलेल्या माणसांच्या कालव्याने.

ग्रामीण व्यवहार : मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांसाठी पहाटे रानात शिरणाऱ्या बाया एकमेकींना हाका देत, मुद्दाम मोठ्याने बोलत चालतात. हिवाळ्यात तूर-हरभऱ्याच्या वावरात डुक्कर व रोही (नीलगाय) हाकलण्यासाठी जागलीवर बसलेला शेतकरी मचाणावरून डबा वाजवतो, आरोळी देतो आणि धुऱ्यापलीकडच्या जागल्याचे उत्तर येईपर्यंत कान देऊन बसतो. या आरोळ्या ताब्यातल्या असतात, त्यांच्यात खरखर कमी आणि स्वर लांबविलेला असतो. त्यामुळे तिकडून खरी किंकाळी आली, तर तिचा फरक अंधारातही कळतो. किंकाळीपाठोपाठ येणारा पहिला शब्द बहुधा ‘माय वो’ किंवा ‘बाप्पा’ असा नात्याचा असतो, हेही वरील मताशी जुळते.

ढोरकी (गुराखी) रानातील प्राण्यांचे इशारेही ओळखतात. सागाच्या शेंड्यावरून वानर खोकल्यासारखा आवाज काढू लागले आणि चितळाने त्याला साथ दिली, की ढोरे वळवली जातात. नुसत्या चितळाच्या आवाजावर ते तितकेसे विसंबत नाहीत, आणि ते योग्यच आहे : वानराला वरून बरेच लांबचे दिसते.

ओळखण्यातील घोटाळे : प्रसंग डोळ्यांसमोर नसेल, तर ऐकणाऱ्याची फसगत होऊ शकते. हॅरॉल्ड गूझूल्स यांच्या गटाच्या प्रयोगांत आनंदाची किंकाळी श्रोत्यांनी भीतीची समजल्याचे आढळले; जत्रेतल्या आकाशपाळण्याचा आवाज दूरच्या वस्तीवर कसा पोहोचत असेल, याची त्यावरून कल्पना येते. साशा फ्र्यूहोल्त्स यांच्या २०२१ मधील अभ्यासात तर धोक्याच्या किंकाळ्यांपेक्षा आनंदासारख्या किंकाळ्या श्रोत्यांनी अधिक लवकर ओळखल्या. हा निष्कर्ष आर्नाल यांच्या प्रतिपादनाशी सहजी जुळत नाही. तथापि किंकाळीने दचकणे आणि तिचे वर्गीकरण करणे या भिन्न क्रिया असल्याने विरोध दिसतो तितका खरा नसावा.

झोपेतील किंकाळी : लहान मुले, विशेषतः तीन ते बारा वर्षांची, रात्रीच्या पहिल्या प्रहरांत कधीकधी किंचाळत उठून बसतात, डोळे उघडे असतात, पण आईलाही ओळखत नाहीत आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. हा गाढ, स्वप्नविरहित झोपेतील बिघाड असून वाढत्या वयाबरोबर बहुधा आपोआप थांबतो. गावात तो बाहेरची बाधा समजून दृष्ट काढली जाते. अशा वेळी मुलाला हलवून जागे करू नये, इजा होणार नाही एवढे पाहावे. झटका, तोंडातून फेस किंवा अंग ताठ होणे दिसल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.