कळ कुठल्या बोटापर्यंत उतरते?

सायटिका हे आजाराचं नाव नाही. ताप जसं लक्षण, तशीच पायात उतरणारी ही कळही. कंबरेतून पायात जाणारी शीर (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) कुठेतरी दाबली गेली आहे किंवा चिडली आहे, एवढंच त्यातून कळतं. कुठे आणि कशाने, हे शोधायच्या आधीच पट्टा, मालिश आणि इंजेक्शन सुरू होतं, आणि तिथेच बहुतेकांचे पैसे आणि महिने वाया जातात.

ही शरीरातली सगळ्यांत जाड शीर. कंबरेचे शेवटचे दोन मणके आणि त्याखालचं हाड (त्रिकास्थी) यांतून पाच मुळं निघतात, कुल्ल्यात एकत्र येतात आणि मांडीच्या मागून खाली उतरतात. दुखणं पायात जाणवलं तरी बिघाड बहुधा वर, मुळाशीच असतो.

सुमारे 90 टक्के वेळा कारण असतं मणक्यांमधली गादी. बाहेरून चिवट कडी, आत मऊ गर. कडी झिजून फाटली की गर मागे सरकतो आणि शेजारच्या मुळावर येतो. तो नुसता दाबत नाही, त्यातल्या रसायनांनी मुळाला सूजही येते. म्हणून फुगवटा लहान असूनही कळ जीवघेणी असू शकते. खोकताना, शिंकताना ती वीज पडल्यासारखी पायात जाते.

गादीवर नेमका किती दाब येतो? 1999 साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका माणसाच्या गादीतच मापक बसवून तो मोजला. सरळ उभं राहिल्यावर 0.5 मेगापास्कल (हे दाब मोजायचं माप), पुढे वाकून बसल्यावर 0.83. पाठीची कमान करून 20 किलो उचलल्यावर 2.3, आणि तेच वजन अंगाशी धरून उभं राहिल्यावर 1.1. आपल्या बेळगाव भागातली कामं या आकड्यांशेजारी ठेवून बघा. खानापुरात चिखलात वाकून भाताची लावण, उसाची मोळी खालून उचलून डोक्यावर घेताना कंबरेला बसणारा पीळ, निपाणीत मांडीवर सूप घेऊन हजार बिड्या होईतो पुढे झुकलेली पाठ. मोळी उचलणं टळत नाही, पण ती आधी गुडघ्यावर, अंगाजवळ घेता येते आणि वळायचं असेल तर कंबरेतून न वळता पाय फिरवता येतात. बिडी वळताना अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालता येतं.

आता कळीची वाट. डॉक्टर कन्नड बोलणारे असोत की मराठी, त्यांच्यासमोर बोट ठेवून ती दाखवा. नडगीच्या बाहेरून पायाच्या वरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत उतरत असेल तर बहुधा कंबरेचं पाचवं मूळ, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी. अशा माणसाला टाचांवर चालताना पाऊल उचलत नाही. पोटरीच्या मागून तळपाय आणि करंगळीकडे जात असेल तर त्याखालची गादी. मग त्या एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उठणं जमत नाही. कळ गुडघ्याच्या वरच थांबत असेल तर शीर दबल्याची शक्यता कमी. उसण, खुब्याचा सांधा यांचाही विचार करावा लागतो.

साठी ओलांडलेल्यांची गोष्ट वेगळी. मणक्यातला शिरांचा मार्गच अरुंद झालेला असतो. वाकलं की तो थोडा मोकळा होतो, ताठ झालं की आवळतो. असा माणूस सायकल आरामात चालवतो, पण गणपत गल्लीत बाजार करताना दर शंभर पावलांनी बसायला कट्टा शोधतो. राजहंसगड चढताना पुढे झुकल्याने बरं वाटतं, उतरताना पाय भरून येतात. गादीवाल्याचं उलट, त्याला बसणं आणि वाकणंच नकोसं.

एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरणं, कुल्ल्यातला स्नायू आवळून शीर चेपणं (मागच्या खिशातलं जाड पाकीट याला हातभार लावतं) ही कारणं कमी आढळतात. चुकीच्या जागी टोचलेल्या इंजेक्शनबद्दल मात्र बोलायलाच हवं. कुल्ल्याचे चार भाग कल्पून वरच्या बाहेरच्या भागातच सुई हवी. आतल्या खालच्या भागात गेली की शिरेला लागते, पायात त्याच क्षणी करंट जातो आणि कधी कधी पाऊलच लुळं पडतं. मधुमेहात दोन्ही तळपाय जळजळतात, तो सायटिका नव्हे.

‘मणक्यात गॅप’ ऐकून घाबरू नका. कसलंही दुखणं नसलेल्या लोकांच्या तपासण्यांतही गादीचा फुगवटा दिसतो: विशीत सुमारे 30 टक्के, पन्नाशीत 60, ऐंशीत 84. एमआरआय आणि कळीची वाट जुळली तरच त्या फुगवट्याला अर्थ. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. तोवर दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा. पाय ओढून ‘गादी बसवणाऱ्या’कडे तर अजिबात जाऊ नका.

एवढं सोडून, काही गोष्टींसाठी आठवडे मोजायचे नाहीत. चालताना चप्पल पायातून निसटू लागली, ताप येतोय किंवा वजन घटतंय, तर त्याच आठवड्यात दाखवा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांमध्ये बसायच्या जागी बधिरपणा आला, तर रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा. त्यात शस्त्रक्रिया काही तासांत, फार तर 48 तासांच्या आत व्हावी लागते.