कॅम्पस प्लेसमेंट : व्यवस्थापन शिक्षणातील परिसर सेवायोजन

व्यवस्थापनशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा होण्याआधी विद्यार्थ्यांच्या हाती नोकरी असावी, यासाठी शिक्षणसंस्था कंपन्यांना आपल्या आवारात बोलावून राबवते ती निवडप्रक्रिया, आणि तिच्यासाठी करून घेतलेली पूर्वतयारी. भारतात एमबीए, एमएमएस (मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) व पीजीडीएम (व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदविका) या तिन्ही अभ्यासक्रमांत ही व्यवस्था असून संस्थेची पारख बहुतांशी तिच्यावरूनच केली जाते.

संज्ञा. वृत्तपत्रीय मराठीत ‘परिसर मुलाखत’ हा प्रतिशब्द आढळतो. पण मुलाखत हा या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा असल्याने तो अपुरा पडतो. ‘सेवायोजन’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे. मात्र महाराष्ट्रात तो शासनाच्या सेवायोजन कार्यालयांशी, म्हणजे नावनोंदणीशी आणि प्रतीक्षायादीशी जोडला गेल्यामुळे महाविद्यालयांत रुजला नाही. बोलण्यात ‘प्लेसमेंट’च चालते. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी प्रकल्पासाठीची निवड ती ‘समर्स’, अखेरची निवड ती ‘फायनल्स’ आणि कामाचा भार उचलणारी विद्यार्थ्यांची समिती ती ‘प्लेसकॉम’.

उगम. पदवीधरांना काम मिळवून देण्यात विद्यापीठाने पुढाकार घ्यावा, ही कल्पना संस्थारूपाने प्रथम इंग्लंडात दिसते. ऑक्सफर्ड येथे १८९२ मध्ये नेमणूक समिती स्थापन झाली. केंब्रिजमधील तशा व्यवस्थेचे साल काही ठिकाणी १८९९, तर काही ठिकाणी १९०२ असे दिले जाते. पहिले साल ऐच्छिक संघटनेचे आणि दुसरे विद्यापीठाच्या अधिकृत मंडळाचे मानल्यास दोहोंचा मेळ बसतो. अमेरिकेत फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी शेजारच्या केंब्रिज शहरात हार्वर्ड बिझनेस स्कूल निघाले, त्यामुळे दोहोंचे मूळ एकच मानण्याचा मोह होतो. पण पार्सन्स यांचे काम मुख्यतः शाळा सोडून रोजगाराकडे वळलेल्या शहरी तरुणांसाठी होते. स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि दोहोंची विचारपूर्वक सांगड ही त्यांची त्रिसूत्री समुपदेशनाचा पाया ठरली. भरतीची प्रथा त्यातून निघाली असे म्हणण्यास आधार तोकडा आहे. महाविद्यालयांतील नेमणूक कार्यालये अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली, ती परतलेले सैनिक मोठ्या संख्येने शिक्षणाकडे वळल्यामुळे. अशा कार्यालयांची व भरती करणाऱ्यांची राष्ट्रीय परिषद १९५६ मध्ये निघाली. तिने १९९५ मध्ये नावातील ‘प्लेसमेंट’ हा शब्द गाळला. भारतात तो कायम आहे, आणि दिशा दाखवण्यापेक्षा जागी बसवणे हे काम येथे मुख्य राहिले, याची ती खूणही आहे.

भारतीय प्रथेच्या उगमाविषयी तीन मते संभवतात. पहिले मत शासकीय परंपरेचे. युद्धातून मोकळ्या होणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले, बी. शिवराव समितीने १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात सेवायोजन यंत्रणेचा आढावा घेतला, पुढे विद्यापीठांतून रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रे निघाली आणि रिक्त पदे कळवणे सक्तीचे करणारा कायदा १९५९ मध्ये आला. दुसरे मत उद्योगसमूहांचे. टाटा प्रशासकीय सेवा १९५६ मध्ये सुरू झाली, आणि हिंदुस्थान लीव्हरसारख्या कंपन्या त्याच सुमारास भारतीय पदवीधरांना व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी म्हणून घेत होत्या. तिसरे मत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या कोलकाता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थांकडे बोट दाखवते. कोलकात्याला एमआयटीच्या स्लोन स्कूलचे, तर अहमदाबादला हार्वर्डचे साहाय्य होते. अहमदाबादची पहिली पदव्युत्तर तुकडी १९६४ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये बाहेर पडली. विद्यापीठीय केंद्रांचा भर माहिती व नोंदणीवर होता, कंपनीला आवारात आणून निवड करवण्यावर नव्हता. म्हणून आजची प्रथा उद्योगसमूहांची गरज आणि अमेरिकी नमुना यांच्या संयोगातून आली, असे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रक्रिया. कंपनी प्रथम पदाचे वर्णनपत्र (जेडी) पाठवते: काम, ठिकाण, वेतनाची फोड, गुणांची अट. त्यानंतर तिचे सादरीकरण होते, ते ‘पीपीटी’ (प्री-प्लेसमेंट टॉक). विद्यार्थी अर्ज करतात, कंपनी शॉर्टलिस्ट लावते, मग अभियोग्यता चाचणी, गटचर्चा (जीडी) आणि एक ते तीन मुलाखती होतात. बहुतेक संस्थांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ हा नियम असतो: प्रस्ताव मिळताच नाव यादीतून निघते, म्हणजे उरलेल्या जागा इतरांना राहतात. अनेक ठिकाणी त्याला ‘ड्रीम कंपनी’चा अपवाद असतो. आधी नोंदवलेल्या ठरावीक कंपन्यांसाठी, किंवा हातातल्या वेतनाच्या ठरावीक पटीपुढे, पुन्हा बसता येते. नियमाचा हा तपशील अर्ज करण्यापूर्वी लेखी वाचून घ्यावा. वाद बहुधा येथेच होतात.

जुन्या पद्धतीत कंपन्यांना दिवस वाटून दिले जात: ‘डे झिरो’, ‘डे वन’ आणि पुढे. लवकरचा दिवस मिळावा म्हणून कंपन्यांत चढाओढ लागे, आणि विद्यार्थी क्षेत्र न पाहता दिवस पाहून अर्ज करत. अहमदाबादच्या संस्थेने यावर क्लस्टर-कोहोर्ट पद्धत आणली. सारख्या कामाच्या कंपन्यांचा एक कोहोर्ट, काही कोहोर्टचा एक क्लस्टर, आणि दोन क्लस्टरांमध्ये काही दिवसांचे अंतर. पहिल्या क्लस्टरमध्ये प्रस्ताव मिळालेल्यालाही पुढच्या क्लस्टरमधील आवडीच्या कंपनीकडे ‘ड्रीम’ अर्ज करता येतो. ही पद्धत चालते ती कंपन्या भरपूर असल्यामुळे. साठ जणांच्या तुकडीत महिन्याला दोन-तीन कंपन्या येणाऱ्या महाविद्यालयात तिची नक्कल निरर्थक ठरते.

उन्हाळी प्रकल्प. निकालावर सर्वाधिक परिणाम करणारा, तरी सर्वांत दुर्लक्षित टप्पा. अवधी साधारणतः आठ ते दहा आठवड्यांचा. चांगल्या कामावर कंपनी अंतिम निवडीपूर्वीच नोकरी देऊ करते, तो ‘पीपीओ’ (प्री-प्लेसमेंट ऑफर). वेळापत्रकाची मुख्य अडचण येथे आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थांत वर्ग जून-जुलैत सुरू होतात आणि समर्सची निवड ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते. महाराष्ट्रात राज्य सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्या लांबल्या, तर वर्ग सुरू होण्यातच ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, आणि विपणन वा वित्त यांचा एकही पेपर होण्याआधी विद्यार्थी मुलाखतीला बसतो. म्हणून प्रवेश निश्चित होताच, वर्गाची वाट न पाहता, बायोडेटा व दोन विषयांचा प्राथमिक अभ्यास हाती घेणे हा व्यवहार्य उपाय आहे. प्रकल्प घेताना तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात लिहून घ्याव्यात: प्रश्न नेमका कोणता, आकडेवारी कोण देणार, अहवाल कोण वाचणार. तिसऱ्याचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे असेल तर पीपीओची आशा धरू नये. प्रमाणपत्र पुरवून काम न देणारे प्रकल्पही असतात. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नालाच ते उघडे पडतात.

पूर्वतयारी. बायोडेटा एका पानाचा, संस्थेच्या ठरलेल्या साच्यात. प्रत्येक अनुभवाखाली तीन ते पाच ओळी. प्रत्येक ओळीत काय केले, कसे केले, काय बदलले. ‘विक्री ३०% वाढवली’ ही ओळ कमकुवत आहे, कारण आधार नाही. ‘चार तालुक्यांतील ११० दुकानांत आठ आठवड्यांत मासिक मागणी ४०० खोक्यांवरून ५२० वर’ ही ओळ टिकते, कारण तिच्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो. चांगल्या प्लेसकॉम प्रत्येक ओळीचा पुरावा (प्रमाणपत्र, ईमेल, गुणपत्रक) तपासूनच बायोडेटा पुढे पाठवतात. हे किचकट काम आहे, पण एका खोट्या ओळीने कंपनी पुढच्या वर्षी येत नाही आणि भुर्दंड पुढच्या तुकडीला बसतो.

गटचर्चेत आठ ते बारा जण आणि पंधरा-वीस मिनिटे असतात, म्हणजे वाट्याला जेमतेम एक ते अडीच मिनिटे येतात. पहिले बोलणे हा गुण नव्हे. विषयाची चौकट मांडणे, दुसऱ्याचा मुद्दा नाव घेऊन पुढे नेणे आणि एखादा खरा आकडा देणे, एवढे पॅनेल टिपते. प्रकरण (केस) देऊन चर्चा घेणाऱ्या कंपन्या वाढल्यापासून घोषणाबाजी आणखी निरुपयोगी झाली आहे.

मुलाखतीतील अपयशाची कारणे ठरावीक आहेत. वित्त घेणाऱ्याला खेळते भांडवल आणि निव्वळ वर्तमान मूल्य कागदावर मांडता येत नाही. विपणन घेणाऱ्याने वितरकाचे मार्जिन, किरकोळ दुकानदाराचे मार्जिन आणि उधारीचे दिवस कधी विचारलेले नसतात. मनुष्यबळ घेणारा ‘मला माणसे आवडतात’ यापुढे जात नाही. ‘एमबीए का?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ केलेले असते आणि बायोडेट्याशी जुळत नाही. प्रत्येक कंपनीसाठी एक पान तयार करावे: तिचे उत्पन्न कशातून येते, मुख्य स्पर्धक कोण, गेल्या वर्षातला एक मोठा निर्णय, आपले पद त्यात कोठे बसते. सराव मुलाखती किमान तीन द्याव्यात. त्यांपैकी एक त्याच कामात असलेल्या माजी विद्यार्थ्याने घ्यावी. प्राध्यापक विषय तपासतात, तो काम तपासतो. मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण बहुधा शब्दसंपत्तीची नसून, उत्तर मनात मराठीत जुळवून मग इंग्रजीत उतरवताना जाणाऱ्या वेळेची असते. रोज एक उत्तर मोठ्याने बोलून ध्वनिमुद्रित करणे व ऐकणे हा त्यावर उपयोगी पडणारा इलाज आहे.

आकडेवारी. ‘९५% प्लेसमेंट’ या दाव्यात कळीचा मुद्दा छेदाचा. समजा तुकडी १२० जणांची. १८ जण घरचा व्यवसाय, उच्च शिक्षण वा अपुरी हजेरी या कारणांनी प्रक्रियेबाहेर राहिले आणि उरलेल्या १०२ पैकी ९७ जणांना नोकरी लागली. सहभागी विद्यार्थ्यांवर टक्केवारी ९५ येते, तुकडीवर सुमारे ८१. दोन्ही गणिते बरोबर आहेत. कोणते छापले ते सांगितले पाहिजे. अपुऱ्या गुणांच्या विद्यार्थ्यांना आधीच ‘अपात्र’ ठरवून छेद लहान करणे ही मात्र चुकीची प्रथा आहे. काही पत्रके तर विद्यार्थ्यांऐवजी प्रस्तावच मोजतात.

सरासरी वेतन एकदोन मोठ्या आकड्यांनी फुगते, म्हणून मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) पाहावा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या सक्तीच्या प्रकटनात किमान, कमाल व सरासरी वेतन विचारले जाते; २०१६ पासून जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीत (एनआयआरएफ) मध्यक वेतन धरतात. एकाच संस्थेचे दोन आकडे त्यामुळे जुळत नाहीत, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. २०१० च्या सुमारास अहमदाबादच्या संस्थेने पुढाकार घेऊन भारतीय प्लेसमेंट अहवाल मानके तयार केली. त्यांत हमीची रोख रक्कम आणि कमाल संभाव्य प्राप्ती वेगळ्या दाखवून अहवालाचे त्रयस्थ लेखापरीक्षण करावे लागते. सर्व संस्थांनी हा मार्ग धरला असता तर पालकांची बरीच फसगत टळली असती. अमेरिकी एमबीए संस्थांच्या मानकांत पदवीनंतर तीन महिन्यांपर्यंतचे प्रस्ताव मोजतात, त्यामुळे त्यांची भारतीय आकड्यांशी थेट तुलना करू नये.

‘पॅकेज’ म्हणजे सीटीसी (कर्मचाऱ्यावरचा कंपनीचा एकूण वार्षिक खर्च), हाती येणारा पगार नव्हे. उदाहरणार्थ ९,००,००० रुपयांच्या सीटीसीत १,३५,००० रुपये कामगिरीवर अवलंबून आणि ५०,००० रुपये एकदाच मिळणारा रुजू होण्याचा बोनस असेल, मूळ वेतन महिना ३०,००० असेल, तर त्यावरील १२% म्हणजे ४३,२०० रुपये मालकाचा भविष्य निर्वाह निधी आणि ४.८१% म्हणजे १७,३१६ रुपये उपदान (ग्रॅच्युइटी) यांतच धरलेले असते. उरतात ६,५४,४८४, म्हणजे महिना सुमारे ५४,५४०. त्यातून स्वतःचा निधी ३,६०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा जाता प्राप्तिकरापूर्वी ५०,७४० हाती येतात, ९,००,००० ला बाराने भागून वाटणारे ७५,००० नव्हेत. उपदान तर सामान्यतः पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावरच मिळते.

महाराष्ट्र व गोवा. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था (१९६५) स्टॅनफर्डच्या सहकार्याने निघाली; चर्चगेटजवळची जागा, म्हणजे बँका आणि कंपन्यांची मुख्यालये हाकेच्या अंतरावर, हे तिच्या भरतीतील यशाचे एक कारण मानता येईल. पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग (१९७१), पुण्यातील सिंबायोसिस (१९७८), मुंबईतील नरसी मोनजी आणि एस. पी. जैन (दोन्ही १९८१), गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट (१९९३) व नागपूरची भारतीय व्यवस्थापन संस्था (२०१५) या या प्रदेशातील प्रमुख संस्था होत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत मुख्यतः खाजगी बँका, वित्तकंपन्या, विमा व किरकोळ विक्री क्षेत्रातील कंपन्या येतात. अनेक महाविद्यालयांची एकत्र भरती (पूल कॅम्पस) तेथे अधिक चालते. या पदांवर मराठी बोलता येणे ही कामाची गरज असते, त्यामुळे ती बायोडेट्यात ठळक लिहावी.

प्रस्तावानंतर. इरादापत्र, प्रस्तावपत्र आणि नियुक्तिपत्र ही तीन वेगळी कागदपत्रे आहेत. पहिल्यावर रुजू होण्याची तारीख बहुधा नसते, आणि मंदीत ती महिनोन्‌महिने पुढे जाते. सेवाबंधाची (बाँड) अट असल्यास रक्कम, मुदत आणि ती कोणत्या प्रशिक्षणखर्चापोटी आहे हे तपासावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार सामान्यतः शून्य ठरतो, तर कलम ७४ प्रमाणे करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मागता येते. मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेव म्हणून देऊ नयेत. रुजू होण्यापूर्वी नोंदणी, लॅपटॉप वा प्रशिक्षण यांच्या नावाखाली पैसे मागितले गेले, तर पत्र खरे आहे की नाही हे सेवायोजन कक्षामार्फत कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून तपासून घ्यावे आणि तोवर काहीही भरू नये.