वायडीएम-४ (डिझेल इंजिन)

वायडीएम-४ हे मीटरगेजचं (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाइनीचं) डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन, पॅसेंजर असो की मालगाडी, दोन्ही ओढणारं. १९६१ पासून ही इंजिनं अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आली, काही कॅनडात मॉन्ट्रियलला बनली (ती वायडीएम-४ए) आणि १९६८ पासून बनारसच्या कारखान्यात आपल्याकडेच बनायला लागली. ब्रॉडगेजच्या (जास्त रुंद रुळांच्या) डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं कौतुक सगळीकडे होतं, या धाकट्या भावंडाबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही, खरं तर मीटरगेजवरून वाफेची इंजिनं हटली ती मुख्यतः याच्याच जोरावर.

आत सहा सिलिंडरचं, टर्बोवालं (जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं) १४०० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन असतं, ते चाकं थेट फिरवत नाही तर जनरेटर फिरवतं, आणि तिथला करंट सहा ट्रॅक्शन मोटरींना (चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटरींना) जातो, दर आसाला (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्याला) एक मोटर. वजन साधारण ७२ टन, म्हणजे एका आसावर १२ टनच, त्यामुळे मीटरगेजच्या हलक्या रुळांना झेपतं, आणि सगळेच आस ओढणारे असल्याने पूर्ण वजन रुळावरच्या पकडीला कामी येतं. माझ्या मते या इंजिनाची खरी हुशारी हीच.

आणि ती दिसायची आपल्या इंदूरजवळच्या घाटात. महू-खंडवा लाइनीवर पातालपानी ते कालाकुंड चढ १:४० चा, म्हणजे ४० मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. कालाकुंडहून वर यायचं तर गाडीला मागून बँकर इंजिन (चढावर ढकलायला जादा इंजिन) लावायचे, आणि ते लागेपर्यंत प्लॅटफॉर्मवर पळसाच्या पानातला कलाकंद विकला जायचा, ही लाइन पुढे अकोल्याला जायची, म्हणून अकोल्याकडे नातेवाईक असलेल्या इंदूरच्या मराठी घरांत तो थांबा अजून निघतो बोलण्यात. इंजिनाला केबिन एकाच टोकाला, त्यामुळे लांब बोनेट (आतलं इंजिन झाकणारा लांब भाग) पुढे असलं की घाटाच्या वळणांवर ड्रायव्हरला एका बाजूचं नीट दिसायचं नाही, तिकडे असिस्टंटनेच डोळे लावून बसायचं आणि सिग्नल ओरडून सांगायचा.

गेज बदलत गेलं तशी ही इंजिनं कमी झाली, रतलाम-इंदूर-महू ब्रॉडगेज झालं. घाटातला तुकडा मात्र मीटरगेजच राहिला, तिथे २५ डिसेंबर २०१८ ला हेरिटेज ट्रेन सुरू झाली आणि तिलाही वायडीएम-४ च जोडलं. बनारसची ही इंजिनं बाहेरही गेली, १९७० च्या दशकात टांझानियाला आणि पुढे व्हिएतनामला.