डॉक्टरांच्या सिरीयली, गुरुवारचा आकडा आणि फॅन लोकांचा राडा

गुरुवार उजाडला की सिरीयलवाल्यांच्या पोटात गोळा येतो, कारण त्या दिवशी बार्कचा, म्हणजे टीव्हीवर काय किती बघितलं जातं ते मोजणाऱ्या संस्थेचा, आठवड्याचा टीआरपी येतो. आकडा आला की लगेच फॅन लोकांचा राडा सुरू, आमची जोडी टॉपला, तुमची घसरली, चॅनेलनं टाइम बदलून वाट लावली वगैरे. त्यात हॉस्पिटलवाल्या सिरीयलींचं आपल्याकडं एक वेगळंच होत आलंय, फॅनचा आवाज फुल्ल आणि आकडा गुल. अमेरिकेत मात्र डॉक्टरांच्याच सिरीयलींनी वर्षानुवर्षं एक नंबर मारलाय. असं का, ते समजून घ्यायचं तर जरा मागं जायला लागतंय.

पिक्चरचं सोपं असतं. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, 1929 ला प्रभात सुरू झाली ती पण इथंच, त्यामुळं तिकीटबारीवर गर्दी बघून पिक्चर चालला का पडला ते सांगणारी माणसं आपल्याकडं गल्लीगल्लीत. टीव्हीला तिकीटच नाही, मग किती जणांनी बघितलं ते कळणार कसं? म्हणून थोडी घरं निवडायची, त्यांच्यात काय लागतं ते टिपायचं आणि त्यावरनं सगळ्यांचा अंदाज काढायचा, हा धंदा अमेरिकेत नील्सन कंपनीनं टीव्हीसाठी 1950 पासून सुरू केला. आणि हा आकडा तुमच्याआमच्यासाठी कधीच नव्हता बरं का. साबणवाल्याला, टूथपेस्टवाल्याला दहा सेकंदाच्या जाहिरातीचे किती पैसे मोजायचे ते ठरवायला तो काढलाय. फॅन लोक त्याच्यावरनं भांडतात ही नंतरची गंमत.

अमेरिकेत 1961 ला 'डॉ. किल्डेअर' आणि 'बेन केसी' अशा दोन डॉक्टरांच्या सिरीयली एकाच वर्षी दोन वेगळ्या चॅनेलवर आल्या आणि दोन्ही चालल्या. कोरियन युद्धातल्या फौजी दवाखान्यावरची 'मॅश' तर एवढी की 28 फेब्रुवारी 1983 ला शेवटचा भाग लागला तेव्हा साधारण 10 कोटी 60 लाख लोक टीव्हीपुढं होते. पण मला त्या काळातली जास्त आवडणारी गोष्ट 'सेंट एल्सव्हेअर'ची आहे. बोस्टनच्या एका पडक्या हॉस्पिटलची ही सिरीयल 1982 ला आली आणि आकड्यात पहिल्या तीसात कधी बसलीच नाही, तरी सहा सीझन चालली. कारण बघणारे कमी असले तरी ते तरुण, शिकलेले, खिशात पैसा असलेले होते, आणि महागड्या गाड्यांच्या कंपन्यांना नेमके तेच पाहिजे होते. म्हणजे डोकी मोजण्याबरोबर कुणाची डोकी तेही बघायला लागले, आणि तिथनं पुढं या धंद्याचा नूरच बदलला.

मग 1994 चा सप्टेंबर. 'ईआर' आणि 'शिकागो होप' दोन्ही हॉस्पिटलच्याच, दोन चॅनेल, आणि दोघींना गुरुवारी रात्री एकच वेळ, म्हणजे सरळ आमच्या फुटबॉलातलं पाटाकडील विरुद्ध खंडोबा. 'ईआर'नं मैदान मारलं, 'शिकागो होप'ला वेळ बदलून पळायला लागलं. 1998 ला 'ईआर' दुसऱ्या चॅनेलकडं जाऊ नये म्हणून ती दाखवणाऱ्या एनबीसी चॅनेलनं एका भागाला 1 कोटी 30 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. एका भागाला! तोपर्यंत टीव्हीवर कुणी एवढा दर ऐकला नव्हता.

आता आपल्याकडं या. दूरदर्शनवर 1991 ला विजया मेहतांची 'लाइफलाइन' आली, हॉस्पिटलच्या आतलं जग एवढ्या शांतपणे आपल्या टीव्हीवर त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं. त्यावेळी दूरदर्शनचं स्वतःचं मोजमाप होतं, डार्ट म्हणायचे त्याला, निवडलेल्या घरात डायरी द्यायची आणि काय बघितलं ते घरच्यांनी लिहून ठेवायचं. आता आठवड्याचं बघितलेलं कोण रोज इमानदारीत लिहितंय, रविवारी बसून अंदाजपंचे भरलं असणार. लोकांना कार्यक्रम आवडला का नाही ते खरं कळायचं पत्रांवरनं, 'सुरभी'ला पोत्यानं पत्रं जायची ती याच काळात.

1998 ला टॅम ही मोजणारी कंपनी आली आणि डायरीच्या जागी मीटर बसायला लागले. हा मीटर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, पुढचा सगळा राडा त्याच्यातनं निघतो. टीव्हीशेजारी एक डबी आणि एक वेगळा रिमोट, त्याच्यावर घरातल्या प्रत्येकाचं एकेक बटण. आजीचं एक, वडिलांचं एक, पोरीचं एक. टीव्हीपुढं बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं, पाहुणे आले तर त्यांची पण सोय. समजा शिवाजी पेठेतल्या एखाद्या घरात आजी जपमाळ घेऊन सोफ्यावर झोपली आणि बटण चालूच राहिलं, तर कागदावर आजी तासभर सिरीयल बघत होती. अशी घरं देशभरात मिळून दहा हजारांच्या आसपास, जोर सगळा मोठ्या शहरांवर, खेडी त्यात धरलीच नव्हती. कोणाच्या घरात मीटर आहे ते गुपित ठेवायचं हा पहिला नियम, आणि 2001 ला मुंबईतल्या मीटरवाल्या घरांची यादीच फुटली. लय बोंबाबोंब झाली. आकड्यावरचा संशय तेव्हापासनं जो चिकटला तो अजून सुटला नाही.

याच टॅमच्या जमान्यात 2002 ला स्टार प्लसवर 'संजीवनी' आली. डॉ. जुही, डॉ. राहुल आणि वरती मोहनीश बहलचे डॉ. शशांक. चांगली चालली, पण तेव्हा स्टार प्लसवर सासू-सुनांचं राज्य होतं आणि संध्याकाळचा रिमोट घरातल्या बायकांच्या हातात, म्हणजे दिवसभराच्या रगाड्यानंतर तेवढाच तास दीड तास त्यांचा. ते काही चुकीचं नव्हतं, पण त्या वेळात कॉलेजच्या पोरीला तिचे डॉक्टर बघायचे असले तर तिला घरात कोण विचारतंय.

म्हणूनच 2007 ला 'दिल मिल गये' आली ती स्टार वनवर, तरुण पोरांसाठी म्हणून काढलेल्या चॅनेलवर. 'संजीवनी'चाच पुढचा भाग, डॉ. शशांक तेच, खाली सगळी नवीन इंटर्न मंडळी, आणि डॉ. अरमान म्हणजे करणसिंग ग्रोव्हर. त्या वेळचं वातावरण आठवत असेल तर आठवा, राजारामपुरीत गल्लीगल्लीत नेट कॅफे, तासावर पैसे, संध्याकाळी लोडशेडिंग, घरी लाइट आली तरी टीव्हीवर दुसरंच काहीतरी, मग पोरी दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन यूट्यूबवर दहा दहा मिनिटांच्या तुकड्यात एपिसोड बघायच्या, बफरिंग होत होत. यातलं एकही मिनिट टॅमच्या मीटरमध्ये जायचं नाही. चॅनेलच्या कागदावर ही पोरगी नव्हतीच. आणि ऑर्कुटवर (तेव्हाचं फेसबुकच म्हणा) बघाल तर तिच्यासारख्या हजारो, रात्ररात्र वाद घालत होत्या.

वाद कशावरनं, तर रिद्धिमावरनं. डॉ. रिद्धिमाचं काम आधी शिल्पा आनंदनं केलं, मग सुकिर्ती कांडपाल आली, मग जेनिफर विंगेट. एक रोल, तीन नट्या, आणि तिघींचे तीन गट, कोण कुणाचं ऐकून घ्यायला तयार नाही. आमच्या गल्लीतल्या एक काकी, ज्यांचा ऑर्कुटशी काही संबंध नाही, त्या पण पोरीबरोबर बघायला लागलेल्या, त्यांनी पहिल्याच बदलाला निकाल लावला, "चेहराच बदलला की वो, मी तर बघायचं सोडलो." अमेरिकेत डॉक्टर बदलायचा झाला तर त्याची बदली करतात नाहीतर अपघातात घालवतात, आपल्याकडं नाव तेच ठेवून माणूस बदलतात आणि प्रेक्षकानं गुमान मान्य करायचं. 2011 ला सोनीवर 'कुछ तो लोग कहेंगे' आली, पाकिस्तानच्या 'धूप किनारे'वरनं केलेली, त्यातही डॉक्टर मोहनीश बहलच (हा माणूस आपला कायमचा सिनियर डॉक्टर), आणि मध्येच त्यांच्या जागी शरद केळकर आले. परत तेच, तोच डॉक्टर, नवा चेहरा, चिडलेले फॅन.

2010 ला 'दिल मिल गये' संपली, 2011 ला स्टार वनच बंद करून त्या जागी लाइफ ओके काढलं. इथं मला 'सेंट एल्सव्हेअर' आठवते. तिचा आकडा पण छोटाच होता, पण बघणारे कोण आहेत ते जाहिरातवाल्यांना दाखवता आलं म्हणून ती टिकली. आपल्या कॉलेजच्या पोरी कुठं बघतायत, कशावर बघतायत तेच मोजणाऱ्यांना दिसत नव्हतं, मग त्यांच्यासाठी पैसे कोण टाकणार. फॅन कमी पडले हे मला पटत नाही, फॅन होते तिथं मीटर नव्हता.

फॅन लोकांत एक वेगळी जमात असते ती म्हणजे खरे डॉक्टर. ते बघतात पण आणि शिव्या पण घालतात. मॉनिटरवर सरळ रेघ आली की शॉक देतात हे बघून तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण खऱ्या दवाखान्यात सरळ रेघेला शॉक देतच नाहीत. 1996 ला अमेरिकेतल्या संशोधकांनी 'ईआर', 'शिकागो होप' वगैरे बघून चक्क मोजदादच केली, की टीव्हीवर सीपीआर दिला (आमचा दसरा चौकाजवळचा सीपीआर दवाखाना नव्हे, छाती दाबून करतात तो) तर किती पेशंट वाचतात. निघालं 75 टक्के तिथल्या तिथं वाचतात, आणि 67 टक्के घरी जातात. खऱ्या आयुष्यात याच्या आसपास पण नसतंय, आणि मग नातेवाईक डॉक्टरला विचारतात की टीव्हीवर तर उठून बसतो, तुमच्यात का नाही. हा त्रास आपल्या डॉक्टरांनाही काही नवीन नाही.

2015 ला बार्क आली आणि दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे तंत्र, चॅनेलच्या आवाजातच कानाला न ऐकू येणारा कोड घालायचा आणि मीटरनं तो ओळखायचा. दुसरी जास्त मोठी, ऑक्टोबर 2015 पासनं खेड्यातली घरं पण मोजायला घेतली. बरोबर वर्षभरानं, ऑक्टोबर 2016 ला, झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' आली, करवीर तालुक्यातल्या वसगड्यात शूटिंग, तालीम, राणादा, कोल्हापुरी बोली. टीआरपीत टॉपला, आणि वसगड्यातला तो वाडा बघायला लोक गाड्या करून यायला लागले. खेडी मोजायला लागले म्हणून खेड्याची सिरीयल आली असं कोणी लिहून दिलेलं नाही, पण मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

मग मराठीत हॉस्पिटलची सिरीयल का टिकत नाही? प्रयत्न झालेत, 2020 ला झी युवावर 'डॉक्टर डॉन' आली, देवदत्त नागे मेडिकल कॉलेजात शिरलेला डॉन, पण ती पण डॉक्टरीपेक्षा गमतीवर जास्त. बाकी मराठी सिरीयलीत हॉस्पिटल म्हणजे एक कॉरिडॉर, लाल दिवा आणि "पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत". ऑपरेशन थिएटर खरं वाटेल असं उभं करायचं तर पैसा लागतो, सल्ल्याला डॉक्टर लागतो, आणि रोज एक भाग द्यायचा म्हटल्यावर वेळ कुठनं आणायचा. स्वयंपाकघर परवडतं.

'संजीवनी' परत आली 2019 च्या ऑगस्टला, स्टार प्लसवरच, सुरभी चंदना आणि नमित खन्ना. जुने डॉ. शशांक आणि जुही पण घेतले. फॅननी ट्विटरवर दिवसाआड ट्रेंड केला, आकडा मात्र हललाच नाही, आणि मार्च 2020 ला बंद. नशीब बघा, त्याच महिन्यात लॉकडाऊन लागला, अख्खा देश डॉक्टरांसाठी थाळ्या वाजवत होता आणि टीव्हीवरचं हॉस्पिटल नुकतंच कुलूप लावून गेलेलं. रेटिंगचे विक्रम केले ते दूरदर्शनवरच्या जुन्या 'रामायण'नं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला, की मीटरवाल्या घरांना पैसे देऊन ठराविक चॅनेल चालू ठेवायला लावतात, आणि बार्कनं न्यूज चॅनेलचे आकडे 2022 च्या मार्चपर्यंत बंदच ठेवले.

अमेरिकेत पण चित्र पालटलंय. 'ग्रेज अॅनाटॉमी'चा फेब्रुवारी 2006 मधला सुपर बोलनंतर (तिकडच्या फुटबॉलची फायनल) दाखवलेला एक भाग जवळपास 3 कोटी 80 लाख लोकांनी बघितला, आज ती सिरीयल चालू आहे पण त्या आकड्याच्या आसपास पण नाही. 2015 ला त्यातल्या डॉ. डेरेकला मारलं तेव्हा फॅननी ऑनलाइन अर्ज काढले, त्याला परत आणा म्हणून. मेलेल्या माणसाला. 'ईआर'मधलाच नोआ वायली आता 'द पिट'मध्ये आहे, एका सीझनमध्ये एकच शिफ्ट, एक भाग म्हणजे एक तास, आणि 2025 ला तिला सर्वोत्तम ड्रामाचा एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. पण ती ओटीटीवरची, तिथं किती जणांनी बघितलं ते कंपनी स्वतः सांगते, तिला पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तेवढंच.

आपल्याकडं 2020 च्या बार्कच्याच अंदाजानं टीव्ही असलेली घरं 21 कोटी, आणि मीटर 2025 ला 58 हजारांच्या आसपास, म्हणजे एका मीटरमागं 3,600 च्या वर घरं. सिरीयलचं खरंखोटं अजून तोच आकडा ठरवतो, आणि केएमटीच्या बसमध्ये दांडीला धरून मोबाइलवर एपिसोड बघणारी पोरगी त्यात धरत नाहीत, तिच्या घरी मीटर असला तरी.