इमॅक्युलेट हार्ट भगिनीसंघ, लॉस एंजेलिस

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अध्यापन, कलाशिक्षण आणि आध्यात्मिक मार्गदर्शन या क्षेत्रांत कार्य केलेला कॅथलिक व्रतस्थ भगिनींचा संघ. मूळ संघ स्पेनमधील ओलोत या गावी १८४८ मध्ये जोआकिम मासमित्जा या धर्मगुरूंनी स्थापन केला. बिशप थॅडिअस अमात यांच्या निमंत्रणावरून १८७१ मध्ये दहा भगिनी कॅलिफोर्नियात आल्या आणि १९२४ मध्ये तेथील शाखा स्पेनपासून वेगळी होऊन स्वतंत्र संघ बनली. हॉलिवूडच्या टेकडीवर १९१६ मध्ये सुरू झालेले इमॅक्युलेट हार्ट कॉलेज हे या संघाच्या कार्याचे केंद्र होते.

संघाची कीर्ती दूरवर पोहोचली ती या महाविद्यालयाच्या कलाविभागामुळे. सिस्टर मॅग्डालेन मेरी यांनी विभागाचा पाया घातला आणि सिस्टर मेरी कोरिता (१९१८–१९८६) यांनी त्याला स्वतःचा चेहरा दिला. कोरिता १९३६ मध्ये संघात दाखल झाल्या. मेक्सिकन चित्रकार आल्फ्रेदो रामोस मार्तिनेझ यांच्या पत्नी मारिया यांच्याकडून त्यांनी रेशमी जाळीवरून रंग दाबून छापण्याचे तंत्र, म्हणजे सेरिग्राफी, आत्मसात केली. वर्षभर अध्यापन चालत असल्याने छपाईला मोकळा वेळ मिळे तो मुख्यतः उन्हाळी सुटीत, आणि तेव्हा विद्यार्थिनी व इतर भगिनी मदतीला येत. छापांच्या प्रती मोजक्या ठेवून किंमत वाढवण्याची कलाबाजारातील रीत त्यांनी नाकारली. साध्या माणसालाही चित्र विकत घेता यावे, हा त्यामागचा आग्रह होता.

त्यांची शिकवण्याची पद्धत आजही अभ्यासण्याजोगी आहे. पुठ्ठ्याला मध्यभागी छोटी चौकोनी खिडकी कापून ती प्रत्येक विद्यार्थिनीच्या हाती दिली जाई आणि वर्गाला जवळचे किराणा दुकान, पेट्रोलपंप किंवा रस्त्यावरचे फलक पाहायला नेले जाई. त्या खिडकीतून पाहिले की जाहिरातीतील अक्षराचा एखादाच वळसा किंवा खोक्याचा एखादाच कोपरा दिसे, आणि रोज नजरेखालून जाणारी वस्तू पुन्हा नव्याने पाहावी लागे. याच दृष्टीतून १९६२ मधील ‘वंडरब्रेड’ हे चित्र आले. दुकानात मिळणाऱ्या पावाच्या वेष्टनावरील रंगीत ठिपके त्यात मिस्सा या कॅथलिक उपासनेतील पवित्र भाकरीची आठवण करून देतात. डिझायनर चार्ल्स इम्स, वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर आणि संगीतकार जॉन केज यांच्यासारखी मंडळी या विभागात व्याख्यानासाठी येत असत.

महाविद्यालयात दरवर्षी साजरा होणारा मरियेचा, म्हणजे येशूच्या मातेचा, दिवस पूर्वी गंभीर मिरवणुकीचा असे. १९६४ पासून तो रंगीत फलक, फुले आणि गाणी यांनी गजबजू लागला. खाद्यपदार्थांची वेष्टने व जाहिरातींतील शब्द वापरून जगातील भुकेचा प्रश्न त्यात मांडला गेला. त्याच वर्षीच्या एका छापचित्रात टोमॅटोच्या जाहिरातीची भाषा मरियेला लावली होती. ते लॉस एंजेलिस महाधर्मप्रांताचे (आर्चबिशपच्या अधिकारक्षेत्राचे) प्रमुख कार्डिनल जेम्स फ्रान्सिस मॅकिन्टायर यांना अत्यंत अनादराचे वाटले. त्या चित्रात श्रद्धेची थट्टा शोधणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण बाजारातल्या भाषेतही प्रार्थना करता येते या विश्वासातूनच ते घडले होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये सर्व व्रतस्थ संघांना आपल्या जीवनपद्धतीचे नूतनीकरण करण्यास सांगितले. संघप्रमुख अनिता कॅस्परी यांच्या नेतृत्वाखाली या संघाने ते आवाहन मनापासून स्वीकारले. संघाच्या १९६७ च्या महासभेने प्रार्थनेची वेळ व पद्धत, पोशाख आणि सेवाकार्याची निवड यांबाबत प्रत्येक भगिनीला निर्णयाचे स्वातंत्र्य दिले. त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघाच्या शिक्षणसंस्थांत गटसंवादाचे प्रयोग सुरू केले. भगिनी, शिक्षक व विद्यार्थी गोलाकार बसून मनातील गोष्टी मोकळेपणाने बोलत. मार्गदर्शक उपदेश न करता ऐकून घेई. पुढे या प्रयोगांनीच संघ मोडला, असा आरोप झाला. पण नूतनीकरणाची आस आणि शिक्षिकांची जुनी दुखणी त्याआधीपासून होती, हे पाहता सगळा दोष समुपदेशनाच्या माथी मारणे पटत नाही.

वादाचे खरे मूळ वर्गखोलीत होते. महाधर्मप्रांताच्या शाळांतील वर्ग खच्चून भरलेले असत आणि तरुण भगिनींना पदवी व प्रशिक्षण पूर्ण होण्याआधीच शिकवायला पाठवले जाई. प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही वर्गावर पाठवू नये आणि वर्गातील मुलांची संख्या मर्यादित असावी, असे संघाचे म्हणणे होते. ही मागणी जितकी भगिनींसाठी होती तितकीच मुलांच्या हिताची होती, पण अंगावरच्या झग्याच्या चर्चेत ती झाकोळली गेली. कार्डिनलांनी नवे निर्णय मान्य नसल्यास शाळा सोडाव्यात अशी भूमिका घेतली. १९६८ मध्ये रोमच्या व्रतस्थांविषयीच्या कार्यालयाने ठरावीक पोशाख, रोजची सामूहिक प्रार्थना, शिक्षणकार्याशी बांधिलकी आणि स्थानिक बिशपांशी सहकार्य या चार अटी घातल्या. अखेर १९७० मध्ये तीनशेहून अधिक भगिनींनी चर्चच्या कायद्यानुसार घेतलेल्या व्रतांतून मुक्तता घेतली. सुमारे पन्नास जणी जुन्या चौकटीत राहिल्या. त्यांची निष्ठाही तितकीच प्रामाणिक होती.

व्रतमुक्त भगिनींनी ‘इमॅक्युलेट हार्ट कम्युनिटी’ हा नवा समुदाय स्थापन केला. त्यात विवाहित व अविवाहित, स्त्रिया व पुरुष आणि कॅथलिकांबरोबर इतर ख्रिस्ती पंथांचे लोकही सभासद होऊ शकतात. महाविद्यालय आर्थिक अडचणींमुळे १९८० च्या सुमारास बंद पडले, पण मुलींचे हायस्कूल चालू राहिले. समुदायाच्या माँटेसिटो (कॅलिफोर्निया) येथील ‘ला कासा दे मारिया’ या एकांतसाधनेच्या केंद्राची जानेवारी २०१८ मधील चिखलपुरात मोठी हानी झाली. कोरिता १९६८ मध्ये संघातून बाहेर पडून बॉस्टनला गेल्या. त्यांनी रेखाटलेले ‘लव्ह’ हे अमेरिकन टपाल तिकीट १९८५ मध्ये निघाले आणि कोट्यवधी पत्रांवर चिकटले. मृत्यूपूर्वी त्यांनी शिल्लक छापचित्रे व त्यांचे हक्क याच समुदायाच्या नावे केले. त्यांच्या चित्रांचे जतन करणारे कोरिता आर्ट सेंटर त्यातूनच उभे राहिले.